शून्यातली खुर्ची

ड्रोन उडवणं सोपं, उतरवणं अवघड, असं श्रुतिका धुरी भेटेल त्याला सांगायची. लोक मान डोलवायचे आणि पुन्हा उडवण्याबद्दलच विचारायचे. किती उंच जातो? किती लांब जातो? पाखरं मारत नाहीत का चोच? खाली कुठे येतो, हे आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं. सागरदर्शन वसाहतीच्या कमिटीनेही विचारलं नाही. आणि ही वसाहत तर तिची स्वतःची, जन्मापासूनची.

मुलुंड पूर्वेच्या या वसाहतीतून सागराचं दर्शन कधी कुणाला झालेलं नाही. गच्चीवर चढून टाचा उंचावल्या तर मिठागरं दिसतात, आणि वारा फिरला तर खाडीचा वास येतो. पण पन्नास वर्षांपूर्वी इथे राहायला आलेली निम्मी माणसं मालवण-वेंगुर्ल्याकडची, गिरणीत राबून चार पैसे गाठीला बांधलेली. त्यांनी नावात तरी समुद्र आणला. आता त्या गोष्टीला पन्नास वर्षं होत होती, म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी सगळ्या रहिवाशांनी मैदानात ‘५०’च्या आकारात उभं राहायचं आणि वरून फोटो काढायचा, असं ठरलं. कल्पना सेक्रेटरी नंदकुमार पाटकरांची. नंदकुमारकाकांना कल्पना सुचली की बाकीच्यांनी कामाला लागायचं, असा वसाहतीचा रिवाजच होता.

सकाळी मैदानावर पाणी मारून धूळ बसवली, चुन्याने आकडे आखले. पाचाच्या आकड्यात पुरुष आणि पोरं, शून्यात बायका, त्याही सगळ्या हिरव्या साड्यांत. शून्याच्या मधोमध श्रुतिकाच्या आईने, वनमालाने, परातीएवढी रांगोळी काढली. रांगोळीवर पाट, पाटावर ड्रोन. त्याला हळदकुंकू लावलं, समोर नारळ फोडला. पोरीच्या धंद्याचं यंत्र पहिल्यांदाच स्वतःच्या अंगणात उडणार, म्हणून तिला काय करू आणि काय नको असं झालं होतं. ड्रोन इथूनच उडवायचा, व्हिडिओत छान दिसेल, असं काकांनी फर्मावलं.

श्रुतिकाने क्षणभर विचार केला होता. करावाच लागतो. कारण ड्रोनला घर असतं. जिथून उडाला ती जागा त्याच्या डोक्यात घर म्हणून बसते. रिमोटशी संपर्क तुटला की तो आपण आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो, सरळ रेषेत घराच्या माथ्यावर येतो आणि आपला आपण उतरतो. तिन्हीसांजेला गाय गोठ्यात यावी तसा. फरक इतकाच की दारात कुणी बसलं असेल तर गाय थांबते. नव्या ड्रोनांना पोटाखाली चांगले डोळे असतात, ते खालची जागा बघून थबकतात तरी. श्रुतिकाचा जुना होता, दुसऱ्याकडून घेतलेला, आणि त्याचे ते डोळे अधू होते. कधी बघायचे, कधी नाही.

तरीही तिचा हिशोब चुकीचा नव्हता. मैदानाच्या एका कडेला मंडप आणि विजेच्या तारा, दुसऱ्या कडेला नवा टॉवर आणि त्याची क्रेन. खाली उतरायला सगळ्यात मोकळी जागा म्हणजे शून्याचं पोट. तिने परत येण्याची उंची क्रेनच्याही बरीच वर लावली. पोलीस ठाण्यात कळवलेलं होतं, परवानगी खिशात होती. मग तिने माइक हातात घेऊन सांगितलं, ‘‘ऐका सगळ्यांनी. शून्याच्या आत कुणीही जायचं नाही. ड्रोन खाली येईपर्यंत आपली जागा सोडायची नाही.’’ सगळ्यांनी हो म्हटलं. ड्रोन रांगोळीवरून उठला, रंगांचा एक लोट उडाला, बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले, आणि श्रुतिका चालत स्टेजपाशी येऊन उभी राहिली.

इथपर्यंत सगळं पोथीत लिहिल्याप्रमाणे झालं. आणि मग फाटकातून रत्नप्रभाआजींची चाकाची खुर्ची आत आली.

रत्नप्रभाआजी म्हणजे वसाहतीतली पहिली चावी ज्यांच्या हाती पडली त्या. नव्वदी ओलांडलेली, पाय गेलेले, कान जवळजवळ गेलेले, पण चेहऱ्यावर अजून सगळ्यांची हजेरी घेतल्यासारखा भाव. नऊवारी नेसवण्यात उशीर झाला, म्हणून नातसून श्वेता त्यांना आत्ता घेऊन आली होती. आता प्रश्न पडला, आजींना बसवायचं कुठे? रांगेत कसं बसवणार? पाचाच्या शेपटीला तर मुळीच नाही. ज्या कमिटीला पाण्याच्या टाकीचा रंग ठरवायला दोन वर्षं लागली, तिने हा निर्णय श्वास घ्यायच्या आत घेतला. मानाची खुर्ची मध्येच हवी. समोर आयती रांगोळी होतीच. बायकांनी वाट दिली, श्वेताने पाट उचलून बाजूला ठेवला, खुर्ची रांगोळीवर नेली, हलू नये म्हणून दोन्ही चाकांचे ब्रेक नीट लावले, आणि फोटोत आपणही यावं म्हणून धावत जाऊन हिरव्या रांगेत उभी राहिली. कडं पुन्हा मिटलं.

श्रुतिकाची नजर तेव्हा रिमोटच्या पडद्यावर होती. ड्रोन मैदानाच्या पार टोकाला, शाळेच्या बाजूला होता. तिथून तिने कॅमेरा वळवला आणि शून्याच्या मध्ये एक पांढरा ठिपका दिसला.

‘‘काका, मध्ये कोण बसलंय?’’

‘‘रत्नप्रभाआजी!’’ नंदकुमारकाका खुशीत होते. ‘‘झकास दिसतंय ना? शून्याला टिकली लावल्यासारखं.’’

‘‘अहो, ती ड्रोनची उतरायची जागा आहे.’’

‘‘मग बाजूला उतरव की. तुझ्याच हातात आहे ना तो?’’

तेही खरंच होतं. रिमोट हातात असेपर्यंत ड्रोन तिच्या सांगण्यात होता, आणि घराची जागा बदलणं म्हणजे पडद्यावर दोनदा बोट टेकवण्याचं काम. पण फेरा अर्ध्यावर आला होता. ऊन कलतं झालं होतं, हिरव्या साड्या उजळल्या होत्या, असा उजेड पुन्हा मिळाला नसता. एवढा फेरा पुरा करते आणि बदलते, असं तिने मनाशी म्हटलं. या ‘एवढा’ने आजवर भल्याभल्यांची वाट लावली आहे.

‘‘बघू, बघू, मी दिसतो का?’’ म्हणत काका मागून आले. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांचे पदाधिकारी बसले होते, त्यांनाही दाखवायची घाई. काकांनी पडदा आपल्याकडे वळवायला म्हणून रिमोट धरून ओढला. गळ्यातल्या पट्ट्याची कडी सुटली. रिमोट दोघांच्याही हातांतून निसटला, स्टेजच्या लोखंडी कडेवर आपटला आणि खाली फरशीवर पडला.

श्रुतिकाने तो उचलला तेव्हा पडदा काळा होता. तिने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबून धरलं. चार बारीक दिवे एकेक करून लागायला लागले, इतक्या सावकाश की तिला ते मुद्दाम करताहेत असं वाटलं. रिमोट सुरू व्हायला वेळ लागतो, मग ड्रोनशी जुळायला आणखी वेळ. एरवी चहाचा घोट घेत ती वाट बघायची.

तिने मान वर केली. शाळेच्या वर ड्रोन क्षणभर जागीच थांबला होता. मालकाची हाक ऐकू येईना, म्हणून घुटमळल्यासारखा. मग तो सरळ वर चढायला लागला.

पुढे काय होणार हे त्या मैदानात फक्त तिला ठाऊक होतं. क्रेनच्या वरपर्यंत चढेल. मग मैदान ओलांडेल. मग शून्याच्या मधोमध, रांगोळीच्या माथ्यावर येऊन खाली उतरायला लागेल. चार पाती गरगरत असताना, बरोबर आजींच्या तोंडावर. कुणाचं काही ऐकणार नाही, कारण ऐकायचं साधन तिच्या हातात मेल्यासारखं पडलं होतं.

इथे थांबून रिमोट सुरू होण्याची वाट बघायची, की पळायचं? सुरू झाला तर एका बोटाने सगळं निभावेल. नाही झाला तर इथून नुसतं बघत राहावं लागेल. पडद्याच्या काचेला तडा गेला होता आणि तिसरा दिवा लागून विझला. तिने रिमोट टाकला.

‘‘काका, माइकवर सांगा! कडं मोडा म्हणावं, आजींना बाहेर काढा! ड्रोन आपोआप खाली येतोय, माझ्या हातात नाहीये तो!’’

‘‘काय? म्हणजे काय?’’

‘‘सांगा हो आधी!’’ असं ओरडून ती पळत सुटली.

नंदकुमारकाकांनी माइक तोंडाशी नेला. त्यांनी समोर पाहिलं. चारशे माणसं, त्यात म्हातारी, त्यात तान्ही पोरं. आणि मागे पाहुणे. ‘पळा’ म्हटलं तर चेंगराचेंगरी होईल, असं त्यांना वाटलं, हे त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नसावं. पण आयुष्यभर कार्यक्रम पार पाडलेल्या माणसाला रंगात आलेला कार्यक्रम थांबवण्याची सवयच नसते, हेही खोटं नव्हे.

‘‘मंडळी!’’ ते गरजले. ‘‘ड्रोन आता खाली येतोय! आजींच्या भेटीला येतोय! सगळ्यांनी हात वर करा आणि जोरात टाळ्या!’’

श्रुतिकाच्या कानांवर ते शब्द आले आणि पळता पळता तिच्या तोंडून शिवी गेली. स्पीकरवर ढोलताशे लावले गेले. चारशे हात वर झाले. पाचाच्या आकड्यातली पोरं तर रांग सोडून शून्याकडे धावली, ड्रोन जवळून बघायला. बायकाही पुढे सरकल्या. मघाशी सुटसुटीत असलेलं कडं आता घट्ट झालं होतं.

‘‘सरा! बाजूला व्हा! आजींना काढा तिथून!’’

ढोलांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? तिला बघून बायका हसल्या. कुणीतरी ‘‘ये गं, तू पण ये फोटोत!’’ म्हणून तिचा दंड धरून तिला रांगेत उभं करू पाहिलं. तिने झटका देऊन हात सोडवला. एका पोराला तिचा धक्का लागून तो पडला, त्याची आई चिडून काहीतरी बोलली. वर भुणभुण जवळ येत होती. वर बघायचं नाही, वर बघितलं की पाय अडखळतात, असं स्वतःला बजावत तिने दोन हिरव्या खांद्यांमध्ये खांदा घातला आणि ती आत घुसली.

शून्याच्या आत एकदम मोकळं होतं. मधोमध आजी बसल्या होत्या, तोंड वर, डोळे बारीक. ड्रोन त्यांच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्याइतक्या उंचीवर होता आणि संथपणे खाली येत होता. आजी त्याच्याकडे बघून हसत होत्या. त्यांनी दोन्ही हात वर नेले, हवेतच त्याच्यावरून ओवाळले आणि बोटं कानशिलांवर मोडली. पोराची दृष्ट काढावी तशी त्यांनी ड्रोनची दृष्ट काढली.

‘‘आजी, चला!’’ श्रुतिकाने खुर्चीच्या दांड्या धरून ओढल्या. खुर्ची जागची हलली नाही. ब्रेक! तिने खाली वाकून डावा ब्रेक सोडला. उजवा सुटेना. श्वेताने तो जीव लावून दाबला होता, मायेने, आणि सकाळी पाणी मारलेल्या मातीत चाक इंचभर रुतलं होतं. तिने चपलेने त्या ब्रेकवर लाथ मारली. पुन्हा मारली. खुर्ची एका चाकावर अर्धवट फिरली आणि आजी कलंडतात की काय असं झालं. तिने खुर्ची सोडून आजींना सावरलं.

‘‘अगो, पाडशीत माका!’’ आजी दचकून ओरडल्या.

आजींना उचलायचं म्हटलं तर काखेत हात घालून, पाय सोडवून... तेवढा वेळ नव्हता. पात्यांचा वारा आता अंगावर येत होता. त्या वाऱ्याने आईची रांगोळी उठली. लाल, पिवळा, निळा, सगळे रंग एकदम वर आले आणि श्रुतिकाच्या डोळ्यांत गेले. तिला नीट दिसेना. बायकांनी आनंदाने आरोळी ठोकली. त्यांना ते फारच सुंदर दिसलं असणार.

भीती म्हणजे काय हे तिला त्या क्षणी कळलं. ती ड्रोनची नव्हती. दोन क्षणांनंतर या मैदानात काय ऐकू येईल आणि ते आपल्यामुळे असेल, याची होती.

ड्रोन डोक्यापासून हातभर अंतरावर येऊन थबकला. खाली काहीतरी आहे असं त्याच्या अधू डोळ्यांना जाणवलं असावं. एक श्वास तो तसाच तरंगला, जरासा डोलला. थांब, बाबा, असाच थांब, असं श्रुतिका मोठ्याने म्हणाली. मग रंगांच्या धुळीत त्याला जे दिसत होतं तेही दिसेनासं झालं आणि तो पुन्हा उतरायला लागला.

प्रशिक्षणात मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की फिरत्या पात्यांत हात घालू नका, ड्रोन गेला तर जाऊ द्या. इथे जायला जागाच नव्हती. ती आजींवर ओणवी झाली, पाठ त्यांच्या तोंडासमोर आणली आणि एक हात वर करून ड्रोनच्या पोटाखालचा पाय चाचपडत पकडला. यंत्र खवळलं. आपल्याला कुणीतरी ओढतंय असं वाटून त्याने सगळा जोर लावला, पाती किंचाळली. मनगटावर सपकन काहीतरी बसलं. तिने पकड सोडली नाही. दुसरा हात घालून तिने ड्रोन एका हिसड्यात उलटा केला. पोट वर, डोकं खाली. उलटा झाल्यावर मोटारी आपोआप बंद होतात, हे मात्र त्या जुन्या ड्रोनला पक्कं आठवत होतं. पाती अडखळली आणि थांबली.

ढोलताशे चालूच होते. आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

‘‘वा! काय कसरत!’’ नंदकुमारकाकांचा आवाज स्पीकरमधून घुमला. ‘‘हवेतून उतरणारा ड्रोन हातात झेलला! आपली श्रुतिका, आपल्या वसाहतीची मुलगी! होऊन जाऊ दे!’’

पोरं आत घुसली होती. ‘‘ताई, पुन्हा कर ना! ताई, मी पकडू का पुढच्या वेळी?’’ असं म्हणत एक बारका गडी हात वर करून उड्या मारून दाखवत होता. समोर पाहुणे खुर्च्यांतून उठून टाळ्या वाजवत होते. श्रुतिकाच्या मनगटातून रक्त गळत होतं, पण अंगभर लाल रंग उडालेला, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गप्प राहिलं असतं तर तो दिवस तिचाच ठरला असता. शेजारच्या सोसायट्यांची कामं चालत घरी आली असती. आई वर्षभर ती गोष्ट मिरवत फिरली असती.

तिने उड्या मारणाऱ्या त्या पोराकडे पाहिलं. मग ड्रोन तसाच उलटा मातीत टाकून ती कडं ओलांडून स्टेजवर गेली आणि तिने काकांच्या हातातून माइक घेतला.

‘‘गाणं बंद करा,’’ ती म्हणाली. ढोल थांबेपर्यंत ती थांबली. ‘‘ही कसरत नव्हती. रिमोट पडला, बंद झाला. ड्रोन आपला आपण परत आला. मी तो उडवत नव्हते. तो जिथून उडाला तिथे उतरतो, खाली कोण आहे ते बघत नाही. आजी तिथे बसल्यात हे मी आधी पाहिलं होतं. तेव्हाच त्याची उतरायची जागा बदलायला हवी होती, एवढा शॉट घेते म्हणून मी थांबले. आजींचं तोंड फाटलं असतं आज.’’ ती पोरांकडे वळली. ‘‘मुलांनो, ड्रोन खाली येताना दिसला तर हात वर करायचे नाहीत. त्याच्याखाली धावायचं नाही. लांब पळायचं. कुणाचाही असो.’’

टाळ्या कुठल्या कुठे गेल्या. बायकांनी आपापली पोरं ओढून जवळ घेतली. एका पाहुण्याने शेजाऱ्याच्या कानाला लागून काहीतरी म्हटलं. नंदकुमारकाका हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘अगं, कशाला बोललीस? लोक किती खूश होते.’’ पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि माइक परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला नाही. वनमाला मात्र लगबगीने आली, पोरीचं मनगट बघून ‘‘अगो माझ्या बाय’’ एवढंच म्हणाली आणि पदराची घडी त्यावर दाबून धरली.

दोघी आजींपाशी परतल्या तेव्हा आजी रंगांनी माखलेल्या खुर्चीत तशाच बसल्या होत्या. सगळे एकदम गप्प का झाले, हे त्यांना कळत नव्हतं.

‘‘काय म्हणता गो ही?’’ त्यांनी श्वेताला विचारलं.

श्वेता रडत होती. तिने आजींच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, ‘‘तो तुमच्या डोक्यावर पडणार होता, आजी! हिने हात घातला म्हणून वाचलात!’’

आजींनी ते ऐकलं. वर पाहिलं, तिथे आता काही नव्हतं. मग मातीत उलट्या पडलेल्या ड्रोनकडे पाहिलं, आणि मग श्रुतिकाच्या मनगटावरच्या लाल होत चाललेल्या पदराकडे. चेहऱ्यावरचा तो हजेरी घेतल्यासारखा भाव हळूहळू उतरला आणि एक लहान मूल खट्टू व्हावं तशा त्या खट्टू झाल्या.

‘‘आणि माका वाटला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तो माकाच भेटाक येता.’’

श्रुतिका त्यांच्या खुर्चीपाशी मातीत बसली आणि हमसून रडायला लागली.